एका चेनवरून मोजलेलं झाड

वय झालं की जुन्या आठवणी गोड होतात म्हणे. कसल्या डोंबलाच्या गोड! माझी एक आठवण आहे, तिला आता इतकी वर्षं झाली, तरी ती आली की हातातला कप मी खाली ठेवतो. बायकोला कळतं. ती विचारते, "परत ते झाड?" मी म्हणतो, "परत तेच." मग ती माझा चहा गरम करून आणते.

मध्य भारत नवीन होता तेव्हाची गोष्ट. होळकरांचं राज्य गेलं, शिंद्यांचं गेलं, आजूबाजूची लहान-मोठी संस्थानं गेली आणि सगळ्यांचं मिळून एक राज्य झालं. राजधानी कुठली, यावर दोन्ही गावांची खेचाखेची. मग तोड निघाली ती अशी की अर्धं वर्ष ग्वाल्हेर, अर्धं वर्ष इंदूर. म्हणजे उन्हाळा आला की ट्रंका, फायली, कपाटं, बाबू, सगळं लटांबर इकडे, इंदूरला यायचं आणि थंडी पडली की परत तिकडे. या ये-जा करण्यात काय कुठे जाईल याचा काही भरवसाच नव्हता. शाईच्या दौती इकडे, टाक तिकडे. आमच्या कचेरीत एकदा खुर्च्या आल्या आणि टेबलं ग्वाल्हेरला राहिली, तेव्हा आठवडाभर आम्ही मांडीवर नकाशे घेऊन काम केलं. हसू नका, खरं सांगतोय.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा, ताजा ओव्हरसियर. डिप्लोमा हातात, डोक्यात वारं. रस्ते आणि सरकारी इमारती बघायचं काम. घरी आई, बाबा, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली ताई. बाबा होळकर सरकारच्या दफ्तरात नकलनवीस होते. जन्मभर त्यांनी एकच काम केलं, जुन्या कागदाची नक्कल उतरवायची. जमिनीचे कागद, सनदा, मोजणीची पत्रकं. मोडीतलं देवनागरीत, देवनागरीतलं पुन्हा देवनागरीत. अक्षर असं की छापलेलं झक मारेल. आणि प्रत्येक नकलेच्या खाली एक ओळ, 'अस्सलाबरहुकूम नक्कल'. म्हणजे मूळ कागदात जे आहे तेच इथे आहे, काना-मात्रा इकडची तिकडे नाही. मूळ कागदात चूक असेल तर चूकही तशीच उतरवायची. मी लहानपणी त्यांना विचारायचो की चूक दिसली तर दुरुस्त का नाही करत? ते म्हणायचे, "दुरुस्त करणारा वेगळा असतो. मी खोटं लिहीत नाही, एवढंच माझं काम."

राज्य गेलं तेव्हा बाबा घरी बसले. नवीन कचेरीला नकलनवीस नको होता, टाइपरायटर आला होता. मला या गोष्टीचं तेव्हा जरासुद्धा वाईट वाटलं नाही. लाज वाटते सांगायला, पण मला वाटायचं, बरं झालं, जुनाट कारभार संपला एकदाचा.

त्या वर्षी उन्हाळ्यात ट्रंका उघडल्या, तेव्हा एका पेटीत मला ते यंत्र सापडलं. उंची मोजायचं. वीतभर लांबीची पितळी चौकोनी नळी, एका टोकाला डोळा लावायला बारीक भोक, दुसऱ्या टोकाला आडवी तार. वर अर्ध्या वर्तुळाची पट्टी आणि तिच्यावर फिरणारा एक काटा, काट्याला जोडलेला काचेचा छोटा बुडबुडा. नळीत अर्धा आरसा बसवलेला असतो. तुम्ही डोळा लावायचा, आडवी तार झाडाच्या शेंड्यावर धरायची आणि स्क्रू फिरवत राहायचं. आरशात बुडबुडा तरंगत येतो. तो तारेवर बसला की थांबायचं आणि बाहेर पट्टीवर काटा कुठे आहे ते वाचायचं. बस. झाडावर चढायचं नाही, दोरी सोडायची नाही. आमचे खलाशी, म्हणजे चेन धरणारे गडी, त्याला छोटी दुरबीन म्हणायचे, आत भिंगाची काच एकही नसताना.

पट्टीवर दोन ओळींत आकडे होते. खालच्या ओळीत अंश. अंश वाचले तर पुढे कोष्टकाचं पुस्तक उघडून हिशेब करावा लागतो, आणि कोष्टकाचं पुस्तक अर्थातच ग्वाल्हेरला होतं. वरची ओळ मात्र भारी होती. तिच्यावर इंग्रजीत कोरलेलं होतं की झाडापासून एक चेन लांब उभे राहा आणि उंची सरळ फुटांत वाचा. हिशेब नाही, पुस्तक नाही. आपल्या डोळ्याची उंची तेवढी मिळवायची, पाच फूट. मी खूश! चेन तर आमच्याकडे होतीच. शंभर फुटांची, शंभर कड्यांची लोखंडी साखळी, कॉलेजात हिच्यावरच शिकलो होतो.

मग काय विचारता. दोन महिने मी दिसेल ते मोजत सुटलो. पाण्याची टाकी मोजली, पोलोग्राउंडकडची धुराडी मोजली, कचेरीसमोरचा वड मोजला. एकदा खलाशांना घेऊन राजवाड्यासमोर चेन पसरली, तर बघायला ही गर्दी. रात्री जेवताना मी बाबांना राजवाड्याची उंची सांगितली. त्यांचा घास हातातच राहिला.

"एवढाच?"

"एवढाच. लोक उगाच फुगवून सांगतात."

"असेल बुवा," बाबा म्हणाले, "पण मला तो जरा बुटका वाटतोय तू म्हणतोस तो."

ताई हसली. मी पण हसलो, पण मनातून चिडलो. यंत्रावर शंका म्हणजे माझ्यावर शंका.

आमचं राहतं घर म्हणजे संस्थानच्या वेळचं क्वार्टर, पोलोग्राउंडच्या रस्त्याला लागून. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, वर कवेलू, म्हणजे आपली कौलं. समोर मोठं मोकळं आंगण आणि त्याच्या पार पलीकडच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला, तो सेमल. सेमल म्हणजे आपली काटेसावर. फाल्गुनात लाल फुलांनी पेटायचा आणि वैशाखात त्याची बोंडं फुटून सगळीकडे पांढरा कापूस उडायचा. आईच्या पापडावर कापूस, बाबांच्या मिशीवर कापूस.

कारखान्यांच्या ट्रकांसाठी तो रस्ता रुंद करायचा ठरला आणि सेमल आडवा आला. काम माझ्याकडे. झाड रस्त्यावर पाडता येत नव्हतं, तिकडे विजेच्या तारा. दोन्ही बाजूंना वर्कशॉपचे पत्रे. उरली एकच दिशा, आमचं आंगण. साहेबांनी मला बोलावून सरळ विचारलं. झाड आंगणात मावत असेल तर एका दिवसात अख्खं पाडू. मावत नसेल तर वरून तुकडे करत उतरवावं लागेल, त्याला पंधरा दिवस. "माप घ्या आणि सांगा. तुमच्या मापावर मी सही करतो."

मी माप घेतलं. झाडापासून आमच्या भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं, अठ्ठ्याहत्तर फूट. मग चेन पसरून एक चेन लांब उभा राहिलो, तार शेंड्यावर धरली, बुडबुडा आणला, वरच्या ओळीत वाचलं, एकोणसाठ. वर पाच माझ्या डोळ्याचे, चौसष्ट. चौदा फूट शिल्लक राहत होते. मी तीनदा मोजलं, तीनही वेळा तेच. मी काही निष्काळजी माणूस नव्हतो, हेच तर जास्त छळतं. तीनदा मोजलं हो!

मग मी एक शहाणपणा केला. झाडापासून सत्तर फुटांवर आंगणात चुन्याची जाड रेघ ओढली, सहा फूट आणखी सोडून, आणि आजूबाजूच्या क्वार्टरांतली माणसं जमली होती त्यांना सांगितलं, "शेंडा या रेघेच्या अलीकडे पडणार. पलीकडे पान पडलं तर नाव बदलीन."

झाड तोडायला आलेल्यांचा म्होरक्या देपालपूरकडचा म्हातारा होता. त्याने रेघेकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, डोक्यावरचा साफा मागे सरकवला. "बाबूजी, यो झाड़ तो घणो ऊंचो है. म्हने तो लागे, आंगणा में नी मावेगो."

"कितना ऊँचा है, बताओ?"

"इत्तो तो नी केई सकूं. पण घणो है."

"घणो किती फूट असतो, काका?" मी म्हणालो आणि सगळे हसले. तोही हसला बिचारा, आणि करवतीला तेल लावायला गेला.

घरात दहा दिवसांच्या बाळंतीण ताईची खाट, तीही पुढच्याच खोलीत. मागे चूल, धूर, तिथे तिला कुठे ठेवणार? दुसऱ्या दिवशी अकरावा, परवा बारसं. शेजारच्यांचा शिसवी पाळणा मागून आणून खाटेजवळ टांगून ठेवला होता, त्याला आईने रंगीत चिंध्यांची पाखरं बांधली होती. आई म्हणाली, "उद्या झाड पाडताय तर पोरीला शेजारी नेऊ का रे? आवाजाने बाळ दचकेल."

"ओल्या बाळंतिणीला उन्हातान्हात कशाला फिरवतेस? चौदा फूट जागा आहे मध्ये. कोणीही हलायचं नाही." हे माझे शब्द आहेत. जसेच्या तसे. मी ते विसरू शकलो असतो तर बरं झालं असतं.

बाबा दारात बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "कोणती जरीब लावलीस?"

"जरीब?"

"ती साखळी रे. कोणती?"

"चेन म्हणजे चेन, बाबा. शंभर कड्यांची."

"शंभर कड्या तर दोन्हींना असतात. आमच्या मोजणीच्या कागदात..."

आणि मी उसळलो. बाहेर म्होरक्या उभा, शेजारी उभे, माझे खलाशी उभे. सगळ्यांसमोर हा माणूस मला जरीब शिकवतोय? मी म्हणालो, "बाबा, तुमची जरीब तुमच्या राज्याबरोबर गेली. नकला करून कोणी इंजिनिअर होत नसतो."

 बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. मग उठून आत गेले. मला वाटलं, झालं, विषय मिटला. खरं सांगू? मला जिंकल्यासारखं वाटलं.

सकाळी मी उजाडताच झाडाशी. बाबा आंगणात काठी टेकून फिरताना दिसले. एकदा त्यांनी काठी उभी धरली आणि तिच्या सावलीकडे बघत राहिले. मग झाडाच्या सावलीकडे बघितलं. झाडाची सावली आमच्या आंगणातून येऊन भिंतीवर चढली होती आणि कवेलूंवर जाऊन दुमडली होती. मी दुरून बघितलं आणि मला वाटलं, म्हातारे आता वेळ घालवायला काहीही करतात. नंतर ते आत गेले. मी कामाला लागलो.

दहाच्या सुमारास करवत बुंध्यात हातभर शिरली होती. सेमलाचं लाकूड मऊ, भराभर कापलं जातं. तीन रस्से बांधले होते, माणसं ओढायला तयार. साहेब रस्त्याच्या पलीकडे छत्री घेऊन उभे. मी आंगणाच्या कडेला, हातात ते पितळी यंत्र, उगाचच, मिरवायला. आमच्या खिडकीत बाबा दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहून उजवा हात वर केला. चालू द्या, अशा अर्थाचा. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आले म्हातारे ताळ्यावर. मी पण हात वर केला. म्होरक्याने ते बघितलं आणि हाळी दिली.

झाड आधी काहीच करत नाही. हे कोणी सांगत नाही तुम्हाला. ते नुसतं उभं राहतं. मग बुंध्यातून एक आवाज येतो, आणि मग ते इतक्या सावकाश वाकायला लागतं की वाटतं, हाताने धरता येईल. मी शेंड्याकडे बघत होतो. शेंडा आभाळातून खाली यायला लागला आणि मला एकदम कळलं. कसं कळलं देव जाणे. काही हिशेब नाही, काही नाही. शेंडा माझ्या डोक्यावरून घराकडे निघाला होता आणि तो अजून खूप वर होता. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. खलाशी नंतर सांगत होता की मी "थांब, थांब" म्हणत होतो. झाडाला! अरे, पडणाऱ्या झाडाला कोणी थांब म्हणतं का?

चुन्याची रेघ खोडाखाली गेली. खोडाखाली, शेंड्याखाली नव्हे. नंतर लाकूड कापून हलवलं तेव्हा ती तिथे सापडली, जशीच्या तशी. आणि तिच्या पुढे पंचवीस फूट झाड होतं.

आवाज झाला आणि मग सगळीकडे पांढरं. बोंडं फुटून कापूस उडाला, कवेलूंचा धुरळा उडाला, मला घर दिसेना. मी त्या पांढऱ्यात धावत शिरलो. दार नव्हतंच, तिथे फांद्या होत्या, काटेरी. शर्ट फाटला, अंग सोललं, कळलंही नाही. आत खाटेच्या जागी छप्पर पडलेलं. खाट नाही, ताई नाही. पाळण्याची एक बाजू तुटून बाहेर आली होती आणि तिला एक चिंधीचं पाखरू लटकत होतं, निळं.  मी खाली बसून हातांनी कवेलू उपसायला लागलो. ताईला हाका मारत होतो. बाळाला काय हाक मारणार? त्याचं नाव ठेवायचं होतं अजून. माझ्या मनात तेवढंच येत होतं, याचं नाव ठेवायचं होतं, याचं नाव ठेवायचं होतं.

"ती नाहीयेत इथे."

बाबांचा आवाज. स्वयंपाकघराच्या दाराकडून. मी बघितलं तर ते उंबऱ्यात बसलेले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, कापसाने मढलेले, आणि उजवा हात मनगटापासून पुढे वाशाखाली.

"ताईला आणि बाळाला मागच्या दाराने शेजारी पाठवलंय," ते म्हणाले, अगदी शांतपणे, "पाळणा राहिला होता. लोकांचा पाळणा. ओढून घेत होतो, तेवढ्यात..."

मग त्यांनी हाताकडे पाहिलं आणि त्यांची मान पडली.

चार जणांनी मिळून वासा उचलला. साहेबांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची तीन बोटं डॉक्टरांनी काढली. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली. माणूस वाचला, सगळे म्हणाले, देवाची कृपा. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो. टाक धरायला जी तीन बोटं लागतात तीच गेली होती. दुसऱ्या कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आई येऊन माझ्याजवळ बसली. तिने रागावलं असतं तर सोसलं असतं. ती म्हणाली, "सकाळीच ते काठीची आणि झाडाची सावली ताडून आले आणि म्हणाले, मला माप पटत नाही, पोरीला हलव. मी म्हटलं, मग तुम्हीही चला. तर म्हणाले, मी बसतो. सगळंच घर निघालं तर लोक म्हणतील, पोराच्या मापावर घरच्यांचाच भरवसा नाही. आलंच तर शेंड्याच्या फांद्या येतील, चार कवेलू फुटतील, म्हणाले."

 

संध्याकाळी मी कचेरीत जाऊन ते यंत्र पुन्हा हातात घेतलं. काटा सकाळपासून हललेला नव्हता, तसाच पेचात घट्ट, आदल्या दिवशीच्या मापावर. वरच्या ओळीत एकोणसाठ. आणि खालच्या ओळीत, जी मी कधी वाचलीच नव्हती, बेचाळीस अंश. बेचाळीस! पंचेचाळीस अंशाला झाडाची उंची आपल्या अंतराएवढी असते, हे शाळेतलं पोर सांगेल. मी शंभर फुटांवर उभा होतो. बेचाळीसला झाड नव्वदच्या घरात पाहिजे, साठच्या नव्हे. दोन ओळी एकमेकींच्या अंगावर बसलेल्या, मध्ये केसाएवढं अंतर, आणि मी दोन महिने एकच वाचत होतो.  यंत्र खोटं बोललं नव्हतं हो. ते दोन तोंडांनी खरं सांगत होतं.

साहेबांनी दफ्तरातला एक जुना मोजणीचा कागद काढला तेव्हा राहिलेलं उलगडलं. आम्हा इंजिनिअर लोकांची चेन शंभर फुटांची. जमीन आणि जंगल मोजणाऱ्यांची जरीब सहासष्ट फुटांची. कड्या दोन्हींना शंभरच, फक्त जमीनवाल्यांची कडी आखूड. ते यंत्र जंगल मोजणाऱ्यांचं होतं, त्यावरची 'एक चेन' म्हणजे सहासष्ट फूट. ट्रंकांच्या घालमेलीत ते आमच्या पेटीत आलं आणि मी त्याला आमची चेन लावली. म्हणून प्रत्येक उंची तिसऱ्या हिश्शाने कमी. टाकी, धुराडी, वड, सगळं. राजवाडासुद्धा.

तो कागद बाबांच्या अक्षरातली नक्कल होती. कोपऱ्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, जरीब सहासष्ट फुटी. खाली, अस्सलाबरहुकूम.

चौकशी झाली, व्हायलाच पाहिजे होती. मी ठरवलं होतं, सगळं कबूल करायचं, नोकरी गेली तर गेली. ग्वाल्हेरहून एक मोठे अधिकारी आले. माप चुकलं हे तर समोर पडलेलंच होतं. पण त्यांचा खरा प्रश्न दुसरा होता. साधनं दोन संस्थानांची, गोंधळ होऊ शकतो, ते समजून घेता येईल. पण झाड पाडताना पडत्या बाजूचं घर रिकामं करायचं, हा साधा नियम. घर रिकामं का करवलं नाही? मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि फाइलमधून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"तुमच्या वडिलांचं बयान आहे. परवा त्यांनी स्वतः पाठवलंय."

अक्षर मला ओळखू आलं नाही. वाकडंतिकडं, ओळी उतारावरून घसरत गेलेल्या, एक अक्षर केवढं तर एक केवढं. डाव्या हाताने लिहिलेलं. मजकूर चारच ओळी. ओव्हरसियरने घर रिकामं करण्याविषयी मला दोन वेळा बजावलं होतं. त्यावरून घरची माणसं आधीच बाहेर पडली. मी हट्टाने थांबलो. झालेल्या इजेस मी स्वतः जबाबदार आहे.

मी तो कागद वाचला. परत वाचला. खोलीत पंखा होता की नव्हता, बाहेर कोण होतं, मला काही आठवत नाही. जन्मात ज्या माणसाने दुसऱ्याच्या कागदातला काना बदलला नव्हता, त्याने हे लिहिलं होतं. ते लिहायला त्याला किती वेळ लागला असेल, तेही त्या ओळींवर दिसत होतं.

"बरोबर आहे ना?" ग्वाल्हेरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी भ्याड होतो. 'हो' म्हणालो.

ठपका आला, बढती दोन वर्षं थांबली, नोकरी राहिली. घरी आलो तेव्हा बाबा शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसले होते, आमच्या क्वार्टरवर कवेलू चढत होते. मांडीवर पाटी, डाव्या हातात पेन्सिल, आणि ते अ, आ, इ गिरवत होते. ताईचं बाळ बाजूला दुपट्यावर झोपलेलं. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. मग विचारलं, "बाबा, तुम्ही खोटं का लिहिलंत?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. माझ्या डोक्यावर उजवा हात ठेवला, पट्टी बांधलेला. दोनच बोटं लागली मला.

"ती नक्कल आहे रे," ते म्हणाले. "अस्सल मजकूर तुझ्यापाशी आहे. तो सांभाळ."

मी सांभाळला. इतकी वर्षं कोणाला दाखवला नाही, बायकोलासुद्धा अर्धाच सांगितला. ती दोन वेळा बजावल्याची गोष्ट खोटी आहे. मी एकदाच बोललो होतो आणि ते असं होतं: कोणीही हलायचं नाही.